पंधरवडा बंद होतो तो दिवस

पहाटे ५:२०

चहाचं आधण गॅसवर ठेवते आणि तोवर टर्मिनल उघडते. आज १६ जानेवारी. पहाटे चारला कारखान्यांवर पाळी बदलली आणि तिथेच हंगामातला आणखी एक पंधरवडा संपला. गेल्या पंधरा दिवसांत काट्यावर जेवढा ऊस मोजला गेला, त्याच्या पावत्या आज संध्याकाळी सहाच्या आत मला कायमच्या बंद करायच्या आहेत. एकदा बंद केल्या की त्यांत टिंबही बदलता येत नाही, मलासुद्धा नाही.

सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या पाच साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, गव्हाणीत ऊस उतरतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. वजनाचा आकडा चिमुकला असतो, तो निरोप म्हणून नॅट्स या निरोप पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून क्षणात मुख्य सर्व्हरवर पोचतो. पण प्रत्येक वजनाला दोन कॅमेरे एकेक फोटो काढतात, म्हणजे एका खेपेला चार फोटो, आणि शेवटी पावतीची पीडीएफ. या फाइली निरोपासारख्या वाहून जाऊ देऊन चालत नाही, महिन्याभराने कुणी विचारलं तरी नावाने सापडल्या पाहिजेत. त्या नॅट्सच्याच ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये राहतात. प्रत्येक कारखान्याला दर पंधरवड्याला दोन बकेट: एक पावत्यांची, एक फोटोंची.

‘नॅट्स ऑब्जेक्ट एलएस’ लिहून एंटर मारलं की सगळ्या बकेटांची यादी येते. मी आकारांवरून नजर फिरवते आणि तिसऱ्या कारखान्याच्या फोटोंपाशी थांबते. दहा जीबीची मर्यादा घातलेली बकेट काठोकाठ भरली आहे. शेवटचा फोटो रात्री १:५० चा. म्हणजे पाळी संपेपर्यंतच्या दोन तासांचे फोटो आतच आलेले नाहीत.

चहा उतू जातो तो जाऊ दे. चारशे-साडेचारशे खेपा, खेपेला चार फोटो, फोटो साधारण ३०० केबीचा, असे पंधरा दिवसांचे आठ जीबी होतात, म्हणून दहाची मर्यादा पुरेशी होती. काट्यावरच्या काकांना फोन लावते. रात्रपाळी उतरून ते चुलीपाशी शेकत बसलेत. त्यांच्याकडून कळतं की आठ तारखेला वरून ट्रॉली दिसावी म्हणून तिसरा कॅमेरा लावलाय. कॅमेरा लावला ते चांगलंच केलं, फक्त आम्हाला कुणी सांगितलं नाही.

इथे या साठवणीचा एक गुण कामाला येतो. बकेट भरली की ती जुनं काढून नव्याला जागा करून देत नाही, नवं नाकारते. पंधरा दिवसांपूर्वीच्या पहिल्या खेपेचा फोटो सुरक्षित आहे. आणि काट्यावरचा आमचा छोटा प्रोग्राम ‘पोचली’ असं उत्तर आल्याशिवाय स्वतःच्या डिस्कवरून फाइल काढत नाही, त्यामुळे अडलेले फोटो तिथेच रांगेत उभे आहेत. प्रत्येक ऑब्जेक्ट बकेटच्या खाली खरं तर जेटस्ट्रीमचा, म्हणजे नॅट्सच्या साठवणीचा, एक स्ट्रीम असतो, ‘ओबीजे_’ ही अक्षरं पुढे लावलेला. साध्या यादीत तो दिसत नाही, ‘नॅट्स स्ट्रीम एलएस’ला ‘-ए’ जोडावं लागतं. त्या स्ट्रीमची मर्यादा बारा जीबी करते. आधी तिन्ही सर्व्हरांच्या डिस्कवर जागा आहे ना ते पाहून घेते, कारण बकेट तुकड्यातुकड्यांनी अनेक यंत्रांवर पसरत नाही. तीन प्रती ठेवायच्या म्हटलं की तिन्ही ठिकाणी ती अख्खीच्या अख्खी मावावी लागते.

दुसऱ्या खिडकीत ‘नॅट्स ऑब्जेक्ट वॉच’ लावून ठेवते. मिनिटाभरात ओळी धावायला लागतात: पुट, पुट, पुट. प्रत्येक ओळीत फाइलचं नाव, आकार आणि किती तुकड्यांत आली तो आकडा. ही खिडकी मला फार आवडते. धुक्यात उभी राहिलेली ट्रॅक्टरांची रांग हळूहळू पुढे सरकताना पाहावी तसं वाटतं.

सकाळी ८:४५

विश्रामबागच्या ऑफिसात पोचते. नवा मुलगा आधीच येऊन बसलाय. दिवाळीनंतर रुजू झाला, वाळवा तालुक्यातला आहे, घरी चार एकर आडसाली ऊस. त्याला कारखान्याची भाषा शिकवावी लागत नाही, टर्मिनलची तेवढी शिकवायची.

“ताई, मी काल पाचव्या कारखान्याच्या पावतीचा नवा नमुना टाकला, पण काट्यावर अजून जुनाच छापतोय.”

“नाव काय दिलंस?”

“नाव दिलंच नाही. फाइल दिली फक्त.”

बकेटची यादी काढते. त्याच्या मशीनवरच्या होम फोल्डरपासूनचा अख्खा रस्ता फाइलच्या नावात उतरलाय. ‘पुट’ करताना वेगळं नाव सांगितलं नाही की फाइलचा पूर्ण पत्ता हेच तिचं नाव होतं. काट्यावरचा प्रोग्राम मात्र ‘नमुना/पावती’ या नावाने विचारतोय आणि त्याला जुनीच फाइल मिळतेय. स्लॅश पाहून आपल्याला फोल्डर वाटतात, पण बकेटमध्ये फोल्डर नसतात. ते सगळं मिळून एकच लांबलचक नाव.

त्याला पुन्हा टाकायला लावते, ‘--नेम’ लावून. या वेळी टर्मिनल थांबतं. त्या नावाची फाइल आधीच आहे असं सांगून तिचा आकार, तारीख, तुकडे, सगळं समोर मांडतं आणि विचारतं, ही बदलू का? तो लगेच ‘हो’ दाबायला जातो. मी त्याचा हात धरते.

“आधी जुनी उतरवून घे. मग हो म्हण.”

हे मी त्याला पुढच्या महिनाभर सांगणार आहे. इथे आवृत्त्या राहत नाहीत. त्याच नावावर नवी फाइल टाकली की आधी नवीचे तुकडे नव्या ओळखक्रमांकाने आत जातात, मग नावापुढची नोंद नवीकडे वळते, आणि मग जुनीचे तुकडे पुसले जातात. क्रम चांगला विचार करून ठरवलेला आहे, मध्येच लाइन गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते. पण काम पुरं झालं की जुनीचा मागमूस उरत नाही.

सकाळी १०:३०

एका कारखान्याच्या शेती खात्यातून फोन. एक शेतकरी काका सकाळपासून येऊन बसलेत. ११ तारखेची पावती: भरलेलं वजन २४,८६० किलो, रिकामं ९,४५०, निव्वळ १५,४१०. काका म्हणतात, त्याच फडातल्या त्याच ट्रॅक्टरच्या आधीच्या दोन्ही खेपा अठराच्या आसपास भरल्या, ही पंधरा कशी? चिटबॉयनेही गाडी गच्च भरली होती असं सांगितलंय.

“मॅडम, आज पंधरवडा बंद करणार ना तुम्ही? मग हे आत्ताच बघायला पाहिजे.”

हो, आत्ताच. पावतीच्या क्रमांकाने चारही फोटो खेचते. ‘नॅट्स ऑब्जेक्ट गेट’, बकेट, फाइलचं नाव, आणि ‘--आउटपुट’ने कुठे ठेवायचं ते. उतरवून घेताना तुकडे येतील तसतसा फाइलचा शा-२५६ ठसा नव्याने काढला जातो आणि साठवताना नोंदलेल्या ठशाशी ताडला जातो. एक बिट जरी इकडचा तिकडे झाला असेल तर फाइलऐवजी त्रुटी हाती येते. चारही फोटो बिनबोभाट उतरले, म्हणजे ११ तारखेला पहाटे कॅमेऱ्यातून जे आत गेलं तेच माझ्यासमोर आहे.

पहिला फोटो, भरलेली गाडी समोरून. धुक्यात दिव्याचे दोन पिवळे गोळे, खाली नंबर प्लेट. दुसरा मागून: दोन ट्रॉल्या, वाढ्यांनी बांधलेल्या मोळ्या, एक मोळी निम्मी बाहेर लोंबतेय. कोपऱ्यात काट्याचा आकडा, २४,८६०. तिसरा, रिकामी गाडी समोरून. मी फोटो मोठा करते, मग आणखी मोठा. प्लेटचे शेवटचे दोन अंक वेगळे आहेत. चौथा मागून: ट्रॉल्या लांब, पाट्याला निळा रंग. काकांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लाल होत्या.

दुसऱ्याच गाडीचं रिकामं वजन काकांच्या पावतीवर चढलं आहे. गव्हाणीवरून दोन ट्रॅक्टर मागेपुढे सुटले, काट्यावर उलट्या क्रमाने आले, आणि नंबर टेकरने टोकन घेताना अदलाबदल झाली. निळ्या ट्रॉल्यांची पावती शोधून काढते. तिच्यावर काकांच्या गाडीचं रिकामं वजन आहे, ६,९१०. म्हणजे काकांचा ऊस १७,९५० किलो. अडीच टनांहून जास्त ऊस, २,५४० किलो, दुसऱ्याच्या नावावर गेला होता.

अडीच टन म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझे बाबा ऊसच लावतात. लागणीपासून तोडणीपर्यंत, पाण्याच्या पाळ्या, रात्रीची वीज, मुकादमाच्या विनवण्या, आणि शेवटी सगळं त्या एका कागदावरच्या एका आकड्यात येतं. लहानपणी मी तो आकडा पाटीवर उतरवून बेरीज करून द्यायचे.

दुपारी १:१५

डबा. आज मेथीची भाजी आणि भाकरी. नवा मुलगा विचारतो, “ताई, तुम्ही पुसायची कमांड कधीच का देत नाही मला?”

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट त्याला सांगते. तेव्हा फोटोंची एकच बकेट असायची, आणि जुने फोटो काढायला मी एक स्क्रिप्ट लिहिली होती: यादीतून नाव उचलायचं आणि ‘ऑब्जेक्ट आरएम’ला द्यायचं. दर वेळी प्रश्न विचारू नये म्हणून ‘--फोर्स’ लावलेलं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी यादीच्या फाइलीत एक कोरी ओळ आली. नाव रिकामं गेलं. आणि ‘आरएम’ची रीत अशी आहे की बकेट आणि फाइल दोन्ही सांगितलं तर फाइल जाते, नुसती बकेट सांगितली तर बकेट जाते. हाताने कमांड दिली असती तर ‘बकेट पुसू का?’ असं तिने विचारलं असतं. मीच तिचं तोंड बांधून ठेवलं होतं.

आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून जवळजवळ सगळं परत आलं. पण त्या दिवशी पहाटे चारपासून दुपारी दोनपर्यंतचे फोटो गेले ते गेलेच. वजनं वेगळ्या स्ट्रीममध्ये होती, ती राहिली. पुढच्या आठवड्यात त्या दिवसाच्या एका पावतीवर तक्रार आली आणि दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. तो शेतकरी काही बोलला नाही, पावतीची घडी घालून खिशात ठेवली आणि गेला. त्याची ती घडी घालायची पद्धत अजून आठवते.

तेव्हापासून हाताने किंवा स्क्रिप्टने फोटो पुसणं बंद. ज्या थोडे दिवसच लागतात, त्या चाचणीच्या फाइलींच्या बकेटला बनवतानाच आयुष्य ठरवून देतो, ‘--टीटीएल’ने, वय झालं की त्या आपोआप जातात. काट्यावरच्या प्रोग्रामांना ज्या खात्याने जोडलंय, त्या खात्याची स्ट्रीम पुसण्याची परवानगीच सर्व्हरवर काढून घेतली आहे. तिथून कुणी कितीही जोर लावला तरी बकेट जाणार नाही. आणि कोणत्या कारखान्याशी बोलतोय ते आम्ही गृहीत धरत नाही, प्रत्येक कमांडला ‘--कॉन्टेक्स्ट’ लावून कारखान्याचं नाव लिहितो, बोटं दुखली तरी.

तो ऐकतो, मग विचारतो हे नॅट्स केलं कुणी. डेरेक कॉलिसन. २०१० च्या सुमारास क्लाउड फाउंड्रीसाठी रूबीत लिहिलं, पुढे गो भाषेत नव्याने. २०१८ पासून ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये आहे. सुरुवातीला ते फक्त निरोप पोचवायचं, ऐकायला कुणी नसेल तर निरोप हवेत विरायचा. साठवण आली ती जेटस्ट्रीमबरोबर, २०२१ मध्ये. फाइली ठेवायची सोय त्या साठवणीच्याच पाठीवर बसवलेली आहे: फाइलचे १२८ केबीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक निरोप, आणि शेवटी एक निरोप सगळ्यांची हकिगत सांगणारा, नाव, आकार, तुकडे, ठसा. ३०० केबीचा फोटो म्हणजे तीन तुकडे आणि एक हकिगत. हे कळलं की काही गूढ राहत नाही, आणि आमच्यासारख्यांना तेच हवं असतं. काट्यावर निरोपांसाठी हा सर्व्हर होताच, फाइलींसाठी आणखी एक यंत्रणा उभी करून तिची राखण करावी लागली नाही.

दुपारी २:३०

शेती खात्याची सही असलेलं दुरुस्तीपत्रक आलं. दोन्ही पावत्या दुरुस्त करायच्या. निळ्या ट्रॉल्यांच्या शेतकऱ्याची २१,३९० वरून १८,८५० होते. त्यांना शेती अधिकाऱ्यांनी स्वतः फोन केला. ते म्हणाले, मला वाटलंच होतं, एवढा भरत नाही माझा खोडवा. पैसे कमी होणार हे ऐकूनही माणूस असं बोलला, हे मला इथे लिहून ठेवावंसं वाटतं.

आता दुरुस्त पावती टाकायची. नवा मुलगा म्हणतो, त्याच नावाने टाकू, काट्याचा प्रोग्राम आपोआप नवी उचलेल. बरोबर आहे, उचलेल. पण चुकलेली पावती त्याच क्षणी नाहीशी होईल, आणि काकांच्या खिशात मात्र तिचा छापील कागद राहील. उद्या कुणी विचारलं, हा कागद कुठून आला, तर आमच्याकडे त्याचं उत्तर नसेल. चूक झाली होती हेही रेकॉर्डच आहे.

म्हणून नवं नाव. जुन्या क्रमांकापुढे ‘दुरुस्ती-१’. ‘--डिस्क्रिप्शन’मध्ये कारण, दुरुस्तीपत्रकाचा क्रमांक आणि जुन्या पावतीचं नाव. टाकून झाल्यावर ‘नॅट्स ऑब्जेक्ट इन्फो’ करून जुनी आणि नवी, दोघींचे ठसे पत्रकाखाली छापून घेते. चौसष्ट अक्षरं एकेक. मी आणि तो मिळून वाचतो, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं. काट्याचा प्रोग्राम एकाच क्रमांकाच्या पावत्यांत सर्वांत शेवटची दुरुस्ती धरतो, तसं आम्ही त्याला आधीच शिकवून ठेवलंय.

आवृत्त्या न ठेवणं हा या साठवणीचा दोष आहे असं मी म्हणत नाही. नमुना किंवा वाहनांची यादी यांना एकच ताजी फाइल पुरते. पण जिथे माणसाच्या कष्टाचा हिशेब आहे तिथे मागचं जपायचं काम नावांना करावं लागतं, आणि नावं आपण ठरवतो. त्यावर आम्ही पाच जणांनी एकदा पूर्ण दिवस घालवला होता. ऑफिसात काहींना तो वाया गेला असं वाटलं. मला अजिबात वाटत नाही.

संध्याकाळी ४:१०

‘नॅट्स स्ट्रीम बॅकअप’, दहा बकेटांचा. पावत्यांचे पटकन होतात, फोटोंना वेळ लागतो. तोवर शेती खात्यांकडून एकेका कारखान्याचा निरोप येत जातो: तपासलं, हरकत नाही. चौथ्या कारखान्याचं तेवढं येत नाही, कारण तिथले साहेब गव्हाणीवर आहेत, साखळी अडकलीय.

संध्याकाळी ५:३५

चौथ्याचं आलं. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. पंधरवड्याच्या सुरुवातीला ज्यांचा ऊस आला त्यांची मुदत आताच टेकलेली असते. त्यामुळे बिलं करणारा विभाग आमच्या या एका कमांडची वाट पाहत असतो.

‘नॅट्स ऑब्जेक्ट सील’ आणि बकेटचं नाव. टर्मिनल विचारतं, खरंच सील करायचं? सील केलेली बकेट पुन्हा उघडता येत नाही, बदलता येत नाही. मी इथे दर वेळी थोडी थांबते. यादी पुन्हा एकदा वाचते. दोन्ही दुरुस्त्या आत आहेत. मग ‘हो’.

पाच कारखाने, पावत्यांच्या पाच बकेट, मग फोटोंच्या पाच. प्रत्येकीचं ‘इन्फो’ काढून ‘सील्ड’पुढे ‘ट्रू’ आलं ते पाहते. शेवटी मुलाला सांगते, आता काकांच्या पावतीच्या नावावर काहीतरी टाकून बघ. तो बिचकतो. “टाक, मी सांगतेय ना.” तो टाकतो. सर्व्हर नाही म्हणतो. तो पुन्हा टाकतो, पुन्हा नाही. त्याचा चेहरा उजळतो.

“ताई, आता चेअरमननी सांगितलं तरी नाही होणार?”

“नाही.”

रात्री ८:२०

शेती खात्याकडून माझा नंबर घेऊन काकांचा फोन. मागे ट्रॅक्टरचा आवाज आहे, फडातूनच बोलत असावेत. नवी पावती मुलाच्या मोबाइलवर आली म्हणतात, १७,९५०, आकडा तीनदा वाचून दाखवतात.

“बाई, आता ती जुनी कशाला ठेवायची? फाडून टाकतो.”

“फाडू नका काका. दोन्ही एकत्र टाचून ठेवा. मीही दोन्ही ठेवल्यात.”

“बरं बरं,” म्हणतात, आणि मग बायकोला हाक मारून टाचणी कुठाय ते विचारतात.

वॉचच्या खिडकीत नव्या पंधरवड्याच्या ओळी धावतायत. तिसऱ्या कारखान्याच्या बकेटला या वेळी पंधरा जीबी दिलेत.